पाणी तोडलेली ओळ

शालिकरामचे पाय सकाळपासून एका जागी ठरत नव्हते. शेतकी कॉलेजच्या संत्र्याच्या बागेत तो आपल्या ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत होता. महिनाभरात त्यानं अशी पायवाट पाडली होती, की मुंगळे बिचारे तिला सरकारी सडक समजून एका कडेनं चालायला लागले होते.

झाडांची पानं मलूल होऊन गुंडाळली होती. मुळं उघडी, माती भेगाळलेली. हे सगळं मुद्दाम. बागायतीच्या वर्गातल्या प्रत्येकाला संत्र्याची एकेक ओळ दिली होती आणि थंडी पडताच तिचं पाणी तोडलं होतं. जिवाची भीती वाटली की झाड फुलायची घाई करतं. मग पाणी सोडायचं. आधीच सोडलं तर नुसती पालवी फुटते आणि बहार हातचा जातो. ज्याची ओळ सगळ्यांत चांगली फुलेल त्याला नोकरी, तीही लाटसाहेब उन्हाळ्यात जातात त्या पचमढीच्या बागेत. प्रोफेसरसाहेबांनी बजावलं होतं, अजून आठवडाभर थेंब नाही.

पण शालिकराम पडला रामटेककडच्या धानकऱ्याचा पोरगा. पिकाच्या पायाशी पाणी उभं नसलं तर त्याच्या घरात जेवण जात नसे. त्यात भाजीच्या वाफ्यांकडे जाणारा पाट नेमका त्याच्या ओळीच्या उशाशी खळखळत होता. त्यानं दोन्ही हात खिशात कोंबले.

"शालिक!"

रामटेकच्या गाडीनं आलेला त्याचा बाप, रुपराव, खांद्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन उभा होता. पोराच्या तोंडाकडे त्यानं पाहिलंच नाही. आधी झाडं पाहिली.

"हे तुये झाडं हायेत का गा?"

"हो, बाबा."

"मंग काहून मरून राहिले?"

तेवढ्यात तासाची घंटा झाली. "आल्यावर सांगतो," शालिकराम पळता पळता म्हणाला. "तुम्ही सावलीत बसा."

"सावली हाय कुठं? पानंच मिटून बसले."

वर्गात शालिकरामचा गुडघा असा हलत होता, की त्याच्या बाकावरचे तिघं भजनाला बसल्यासारखे डुलत होते. तास सुटताच तो धावत निघाला, आणि बाग दिसायच्या आधी त्याला तो आवाज ऐकू आला.

पाट फोडलेला होता. रुपराव धोतर खोचून, हातात फावडं घेऊन, गुडघाभर चिखलात उभा. बांध असे रेखीव घातलेले, की उभ्या उभ्या धान रोवावं. प्रत्येक झाडाचं आळं काठोकाठ भरलेलं. दोन बेडूक तर भाडं विचारायलाही येऊन बसले होते.

"घे!" रुपराव म्हणाला. "आता कोणाचा बाप तुले नापास करते ते पाहतो मी!"

शालिकराम तसाच चिखलात धावला. तो पाटापर्यंत पोचायच्या आत झाडांआडून सोला हॅट पुढं आली. प्रोफेसरसाहेबांनी छडीचं टोक आळ्यात बुडवून पाहिलं.

"पाणी कोणी सोडलं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

रुपरावनं साहेबाला हात जोडले. शब्द कळला नव्हता, पण शाबासकी आल्याचं त्याला कळलं होतं.

"मी सोडलं," शालिकरामही इंग्रजीतच म्हणाला. त्याचे पाय चिखलात रुतले होते. सकाळपासून पहिल्यांदाच ते हलत नव्हते.

"का?"

"राहवलं नाही, सर." यात खोटं तसं फारसं नव्हतं.

साहेबांनी पोराचे कोरडे हात पाहिले, म्हाताऱ्याचे भरलेले गुडघे पाहिले. मग, पचमढीला दुसऱ्या कोणाला तरी पाठवावं लागेल, एवढं म्हणून ते निघून गेले.

"काय म्हणे साहेब?"

शालिकरामनं चिखलातून एक पाय उपटला. "म्हणाले, पाणी बेस देल्लं."

"मंग!" म्हाताऱ्याचा चेहरा घासलेल्या पितळेसारखा झाला. मग त्याची नजर शेजारच्या ओळींवर गेली. "अन् या बाकीच्या पोराइच्या झाडाइनं काय पाप केलं गा?" त्यानं फावडं खांद्यावर टाकलं आणि पुढच्या बांधाकडे निघाला.

सगळ्यांच्याच ओळी भिजल्या, तर सगळे सारखे. पचमढी पुन्हा मोकळी. शालिकरामनं साहेब गेले त्या वाटेकडे पाहिलं; कोणी नव्हतं. म्हाताऱ्यानं फावडं उगारलं.

शालिकरामनं धावत जाऊन त्याचा दांडा धरला. "राहू द्या, बाबा. त्याइचेही बाप येतीन."

रुपराव विचारात पडला. त्याला ते पटलं. फावडं खाली ठेवून त्यानं शेजारच्या झाडाचं एक गुंडाळलेलं पान बोटांनी हळूच उलगडून पाहिलं.

"लवकर या म्हणा त्याइले," तो म्हणाला.