तबकडीतली घागर

"बाबा, तबकडीचा आणि संगणकाचा, दोन्ही आवाज एकच आहेत," केयूर म्हणाला. शहागंजच्या बाजारातून आणलेली जुनी तबकडी त्यानं आठ दिवसांपूर्वी संगणकावर उतरवून घेतली होती.

"एक कसे? तबकडीला जीव असतो," मधुसूदनरावांनी ठणकावलं आणि सुई ठेवली.

पहिलं गाणं संपलं. पुढच्या खरखरीत पाणी पडल्याचा आवाज आला. त्या वर्षीच्या दुष्काळात उस्मानपुऱ्यात नळ आठवड्यातून एकदाच यायचा. "आलं वाटतं!" म्हणत केयूरची आई शैलाबाई घागर घेऊन मोरीकडं धावल्या. नळ कोरडाठाक होता.

आवाज तबकडीतूनच येत होता. घागर निम्मी भरलेली. आवाजावरून तेवढं तर या घरात झोपेतही कळायचं.

केयूरनं संगणकावरची आठ दिवसांपूर्वीची नक्कल लावली. त्याच जागी पाणी रिकाम्या घागरीच्या तळाला आपटत होतं.

"हे कसं शक्य आहे?" तो पुटपुटला.

मधुसूदनरावांनी सुई पुन्हा मागं ठेवली. आता घागर काठोकाठ भरली होती. नळ बंद झाल्याचंही ऐकू आलं.

"अहो, भरली. उचलायला या." तबकडीतून शैलाबाईंचा आवाज आला.

"आलो!" तीस वर्षांच्या सवयीनं मधुसूदनराव बोलून गेले आणि वळले.

शैलाबाई शेजारीच उभ्या होत्या. रिकामी घागर कडेवर होती, आणि अशा हाकेला ओ देऊ नये म्हणून नवऱ्याचं तोंड दाबायला उचललेला हात अर्ध्यावरच थांबला होता.