आठ आणि सहाच्या मध्ये

"हिमोग्लोबिन एकशे चौदा असतं का कुणाचं?" बाबांनी विचारलं.

"नसतं," मुलगी म्हणाली. "अकरा पूर्णांक चार असणार. टिंब दिसत नाहीये."

"मग हेही तसंच." दुकानातून ते हात न धुताच आले होते. सायकलींचं वंगण नखांत तसंच होतं. करंगळीचं नख त्यांनी स्क्रीनवर खालच्या एका ओळीवर टेकवलं. आईच्या रिपोर्टमध्ये त्या ओळीवर ८६ होतं आणि शेजारी लिहिलं होतं, दहाच्या आत हवं. "इथे टिंब आहे. तुझ्या लॅपटॉपने खाल्लंय."

"काचेला हात नका लावू, बाबा."

लॅपटॉप जुना होता. गेल्या महिन्यात तिने त्यावरचं विंडोज काढून लिनक्स टाकलं, तेव्हापासून अक्षरं अशीच दिसत होती. कडा करवतीसारख्या, काही रेघा जाड, काही पुसट. रिपोर्टचा मूळ फाँट यात नव्हता. त्याच्या जागी जो लागला होता, त्यात टिंबच नसावं. पान कितीही मोठं केलं तरी ते उमटत नव्हतं. हा तिचा अंदाज होता, आणि तो तपासता येण्यासारखा होता.

तिने हवा तो फाँट डाउनलोडला लावला. तोवर सेटिंगमध्ये जाऊन अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारी सोय चालू केली. बाबा स्टुलावर बसून स्क्रीनवर सरकणाऱ्या ओळी बघत राहिले. तिच्या खिशातल्या फोनवर हाच रिपोर्ट लगेच उघडला असता. दोघांपैकी कुणीही फोनचं नाव काढलं नाही.

"काय म्हणतोय रिपोर्ट?" आईने आतून विचारलं.

"अजून वाचता येत नाहीये," बाबा म्हणाले.

"मग माझ्याआधी त्या डबड्यालाच दाखवा डॉक्टरला."

बाबांनी स्टूल पुढे ओढलं.

फाँट उतरल्यावर मुलीने लॉगआउट करून पुन्हा लॉगइन केलं. रिपोर्ट सोडला होता त्याच जागी उघडला. अक्षरं आता स्वच्छ होती, पुस्तकात छापल्यासारखी. हिमोग्लोबिन ११.४ होतं. पानभर टिंबं परत आली होती. बाबा पुढे वाकले.

८.६.

"बघ! म्हटलं नव्हतं?" ते उठून उभे राहिले. "अगं, ऐकलंस का? ठीक आहे सगळं! आठ पूर्णांक सहा!"

"मग चहा टाकते," आई म्हणाली. पातेल्यात पाणी पडल्याचा आवाज आला.

खाली डॉक्टरांचा शेरा असणार होता. मुलीने टचपॅडवर दोन बोटं ठेवून पान वर सरकवलं. हिमोग्लोबिन वर गेलं. आठ वर गेला, सहाही गेला. टिंब मागे राहिलं, कोऱ्या जागेत.

बाबा ते बघत होते. मग त्यांनी आपल्या करंगळीकडे बघितलं आणि मूठ मिटली.

"साखर बेताची की नेहमीची?" आईने विचारलं.

"नेहमीची," बाबा म्हणाले.

मुलीने पान हळूहळू खाली आणलं. टिंब आठ आणि सहाच्या मध्ये नीट बसल्यावर तिने बोटं उचलली.