टेन्शनचा आकडा

बालाघाटच्या कॉलेजातून सर्व्हेवाली मुलगी आली, तेव्हा मंजूचा नवरा खाटेवर पडून रील पाहत होता आणि मंजू लकवा झालेल्या सासूची कूस बदलत होती. “टेन्शन विसरायला मोबाइल पाहता का? एक ते पाचपैकी आकडा सांगा,” तिनं त्याला विचारलं. “पाच लिवा, मॅडम! माय अशी पडली, मले लय टेन्शन आहे.” मंजूचं टाळकं सटकलं. लकव्यानंतरच्या आठ महिन्यांत मायचं पांघरूण सरकवायला न उचललेलं त्याचं बोट रीलवर दिवसभर सरकत होतं. “काहून हो, टेन्शन तुमाले आन् पाठ माही मोडते?” “मॅडम के सामने तमाशा मत कर!” तो गुरगुरला. “मॅडम, माहा आकडा लिवा,” मंजू म्हणाली. “शून्य. मले मोबाइल पाहाले सवड कुठं?” “ताई, फॉर्मात एकपासूनच आकडे आहेत.” मंजूनं त्याच्या हातातला मोबाइल हिसकावला, सासूखालचं भरलेलं भांडं त्याच हातात ठेवलं. “आता इचारा ह्यायले. खरा आकडा सांगतीन.”