तेविसावा किडा

"आणि हा? याच्यावर चिलापी येते ना?" कागदावरची नजर न काढता रत्नदीपनं डबी पुढं केली.

"व्हय सायेब," सिद्धाप्पा म्हणाला. "लई येती."

रत्नदीपनं तेविसाव्या चौकोनात बरोबरची खूण केली आणि पेनाला टोपण लावलं. सुटलो एकदाचा! सोलापूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारा हा गृहस्थ गेले दहा रविवार भीमेच्या काठावर तळ ठोकून होता. दगड उलटे करायचे, चिखल गाळायचा, सापडला तो किडा डबीच्या कप्प्यात ठेवायचा आणि त्याच्यावर कोणता मासा येतो हे इंग्रजी पुस्तकात बघून सिद्धाप्पाकडून पक्कं करून घ्यायचं. सिद्धाप्पाचा जन्म इथं मासे धरण्यात गेलेला. पुण्याचा एक हौशी मासेमारांचा गट यावरून तक्ता छापणार होता. ही मंडळी गळाला पिसं नि दोरे गुंडाळून हुबेहूब किडा बनवतात आणि माशाला फसवतात. कोणत्या माशाला कोणता किडा दाखवायचा, हे त्यांना तक्त्यावरून कळणार होतं. तक्ता आज संध्याकाळी छापखान्यात जायचा होता. खाली रत्नदीपचं नाव आणि त्याच्याखाली सिद्धाप्पाचे आभार.

डबी मिटण्याआधी शेवटच्या कप्प्यातला किडा सरळ करायला म्हणून त्यानं चिमट्यात धरला आणि उलटा केला. पोटाखाली गळाचं टोक चमकलं.

किडा कसला! परवा त्यानं स्वतःच नमुना म्हणून बांधलेला गळ होता तो. कोंबड्याचं पीस आणि तपकिरी दोरा. खरा किडा घरी दुसऱ्या डबीत राहून गेला होता.

रत्नदीपला आधी हसू फुटलं. सिद्धाप्पासारखा माणूस फसला म्हणजे हात चांगला बसला की आपला!

"सिद्धाप्पा, अहो हा गळ आहे. तुम्हाला दिसला नाही?"

"दिसला की."

"मग?"

सिद्धाप्पा पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत राहिला. "तुमी किडा म्हणला. मंग किडा."

त्याची बायको गुरम्मा बाजूला फाटकं जाळं विणत बसली होती. तिला राहवलं नाही. "सायेब, घरात मला दिवसभर न्हाय न्हाय करतंय ह्ये माणूस. भाकरी वाढू का म्हणलं तरी आदी न्हाय. तुमची गाडी दिसली की नुसतं व्हय!"

"ए, गप की," सिद्धाप्पा म्हणाला. पण तिनं बोलून टाकलं होतं.

रत्नदीपनं कागदाकडं पाहिलं. तेवीस चौकोन, तेवीस खुणा, एकही फुली नाही. याच कागदावरून त्यानं स्टाफरूममध्ये फुशारकी मारली होती, की इंग्रजी पुस्तक आणि आपला सिद्धाप्पा, दोघांचं एकमत आहे म्हणून.

"यातलं खरं किती आहे?" त्यानं विचारलं.

"आता कसं सांगू सायेब..." सिद्धाप्पानं डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. "पयल्या रविवारी एक सांगितलं हुतं मी. ह्या चपट्या किड्याला मरळ तोंड लावत न्हाय म्हणून. तुमी म्हणला, पुस्तक खोटं आन तुमी खरं का? हो का नाही, तेवढंच सांगा." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. "तवापासनं व्हय म्हणाय लागलो."

मी असं बोललोच नाही, असं म्हणायला रत्नदीपची जीभ उचलेना. वाक्य त्याचंच होतं, शब्द न् शब्द. वर्गात पोरांना तो अस्संच गप्प बसवायचा. त्याचे वडील गिरणीत तीस वर्षं "व्हय सायेब" म्हणत राबले. ते शब्द पोराच्या तोंडी येऊ नयेत म्हणून त्यांनी पोटाला चिमटा काढून त्याला शिकवलं. त्याच्या तोंडी ते आले नाहीत खरे. पण दहा रविवार तो ते दुसऱ्याकडून ऐकत होता आणि ऐकताना त्याला बरं वाटत होतं. त्या दोघांकडं मान वर करून बघायची हिंमत होईना.

त्यानं कागद चुरगाळून खिशात कोंबला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "तक्ता काही आज जात नाही. मी पुन्हा पहिल्यापासून विचारतो. या वेळी तुम्ही सांगाल तेच खरं."

चप्पल काठावर सोडून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो पाण्यात उतरला. वाकून दोन-चार दगड उलटे केले. तिसऱ्या की चौथ्या दगडाला एक किडा चिकटलेला मिळाला. हातात ना डबी, ना पेन. किडा तळहातावर घेऊन तो काठाशी आला आणि त्यानं हात सिद्धाप्पासमोर धरला.

"मामा, याला कोणता मासा खातो?"

सायबाच्या तोंडून मामा ऐकून सिद्धाप्पा जरा चपापला. गुरम्माचाही हात जाळ्यावर थांबला. किडा तळहातावर वळवळत होता. सिद्धाप्पानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तो रत्नदीपच्या चेहऱ्याकडं निरखून बघत राहिला, आणि मग हळूच म्हणाला,

"पुस्तकात काय लिवलंय सायेब?"