न तापणारं इंजिन

राहुरीच्या अमृतने वडिलांच्या, अण्णांच्या, जुन्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारला नवं इंजिन बसवलं होतं. अण्णा गेले आणि जुनं इंजिन जाम झालं, ते पुन्हा फिरलंच नाही. बहीण सृष्टीला सासरी याच गाडीतून जायचं होतं, आणि लग्न रविवारवर आलं होतं.

नवं इंजिन पहिल्याच चावीला सुरू झालं. पण ते तापेना.

कितीही वेळ चालू ठेवलं तरी काटा खालीच. अमृतने थर्मोस्टॅट बदलला, सेन्सर बदलला, वायरिंग सगळं उसवून पुन्हा जोडलं. शेवटी भर दुपारी वैतागून त्याने चालू इंजिनवर तळहातच टेकवला. लोखंड गारठलेलं होतं.

"आता अजून काय करू?" त्याने हातातला पाना भिरकावला.

"दादा, आधी चहा घे," म्हणत सृष्टी शेडमध्ये आली. कप ठेवायला तिने कोपऱ्यात उतरवून ठेवलेल्या जुन्या इंजिनवर हात टेकवला आणि ती किंचाळली. बोटं भाजली होती.

अमृत धावला. त्या इंजिनात ना पेट्रोल होतं, ना त्याला एकही वायर जोडलेली होती. तरी त्याची धग तोंडावर येत होती.

"गाडी बंद कर दादा!"

त्याने चावी फिरवून काढून घेतली.

"अरे, बंद कर ना!"

"केली गं."

आवाज थांबला नव्हता. तो आता कोपऱ्यातून येत होता आणि हळूहळू चढत होता.

सृष्टीने गाडीकडे बोट दाखवलं. रिकाम्या सीटसमोर ॲक्सिलरेटर खाली खाली जात होता.