एका माणसाचे तास

पत्रे दाबणारी प्रेस बंद होती. वाल्मीकला घेऊन गाडी चांद्याच्या फाट्यावरून पुण्याच्या दवाखान्याकडे गेली होती. प्रेसमध्ये सापडलेला त्याचा उजवा हात टॉवेलात गुंडाळलेला होता. कारखान्यात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

वर ऑफिसात शैलेश कॉम्प्युटरसमोर बसला होता. दुपारी सरकारी इन्स्पेक्टर येणार, आल्या आल्या वाल्मीकचे तास विचारणार. कामगारांचे तास काढायचं काम शैलेशचं.

मागच्या महिन्यात त्याची चूक झाली होती. पॅकिंगला माणसं कमी पडली की प्रेसवरची माणसं तिकडे उसनी देत. मग दोन्हीकडचे सुपरवायझर त्याच माणसाची हजेरी लावत आणि रिपोर्टात तास दुप्पट होत. कारखान्याचे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले होते, "एक माणूस दोन ठिकाणी कसा रे असेल? पुन्हा असं झालं तर नोकरी सोड आणि गावाकडे, लातूरची गाडी धर."

तेव्हापासून एका माणसाच्या एकाच दिवशी दोन नोंदी दिसल्या की शैलेश एक काढून टाकायचा. पण एखादी राहून गेली असेल तर? वाल्मीकचे तास फुगलेले दिसले तर कारखाना अडकणार, आणि शैलेशची नोकरी जाणार.

त्याने वाल्मीकचं नाव उघडलं. महिनाभर प्रेस आणि पॅकिंग, दोन्हीकडे हजेरी. पॅकिंगची प्रत्येक नोंद त्याने काढलेली होती. एकही राहिली नव्हती. त्याला जरा हायसं वाटलं. तरी खात्री करायला तो खाली गेला.

पॅकिंगचे सुपरवायझर चंद्रकांतमामा खोक्यावर बसले होते.

"काय कॉम्प्युटरवाले, आज वाट चुकलात?"

"मामा, या महिन्यात वाल्मीक तुमच्याकडे उसना होता ना?"

"उसना कशाचा? तिकडची पाळी संपली की हितं दुसरी करायचा. बायको दवाखान्यात हाय त्याची. पैका लागत होता."



"रोज दोन पाळ्या? आणि आज पुन्हा प्रेसवर उभं केलं? कुणी अडवलं कसं नाही?"

"म्या अडवलं की. सायबास्नी म्हणलं, उभ्या उभ्या झोपतोय, आज घरी धाडा. तर म्हणले, तुझं ऐकू का रिपोर्टचं? त्यात रोज एकच पाळी हाय त्याची."