उपळेकर सरांची फुंकर

"कोणाला खरं वाटणार नाही, पण मी पकडलेल्या पहिल्याच पेशीच्या विजेवर कॅन्टीनचा मिक्सर चालला होता!"

पेशीच्या पडद्यातून वाहणारी इवलीशी वीज मोजण्यात उपळेकर सरांचं अर्धं आयुष्य गेलं होतं आणि उरलेलं थापा मारण्यात. आज मात्र थापेला कारण होतं. त्यांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी ऋजुता खांद्याला बॅग लावून निरोप घ्यायला आली होती. महिनोन्महिने खटपट करूनही तिच्या काचेच्या नळीला एक पेशी धड चिकटत नव्हती.

"मला हे जमणार नाही, सर. मी घरी जाते."

"जा की! पण ऐकून जा. बेडकाच्या पेशीवर मी नळी टेकवली, गाल फुगवले आणि मारली फुंकर."

"फुंकर?" ऋजुता दारातच थबकली.

"सणसणीत! पडदा असा चिकटला म्हणतेस, सोडवायला दोन शिपाई लागले. मग तार जोडली मिक्सरला. खोबऱ्याची चटणी अख्ख्या डिपार्टमेंटनं चाटूनपुसून खाल्ली."

ऋजुतानं बॅग खाली आपटली, तरातरा येऊन सरांना स्टुलावरून उठवलं आणि स्वतः बसली. भिंगाखाली पेशी होत्याच. नळीची रबरी शेपटी तोंडाजवळ नेत ती ओरडली, "काहीही थापा मारता, सर! फुंकलं तर पेशी पळून जाते. बशीतल्या चहावरची साय ओठांनी ओढावी, इतकं हलकं ओढायचं असतं. थांबा, दाखवते!"